लाल काठाचा पोंचो

काय्याओ बंदर,
१२ एप्रिल १९७८

प्रिय सबिना,

अनेक आशीर्वाद. बसली आहेस ना? नसलीस तर आधी खाली बस. मी येतोय!

होय बाई, तुझा भाऊ निकानोर. दहा वर्षांनी. जुलैच्या सुट्टीत बायको ओल्गा आणि मुलगा रुबेन यांना घेऊन येणार. रुबेन पाच वर्षांचा आहे आणि कान माझेच घेऊन आलाय बिचारा. ओल्गा लिमाची. डोंगर तिने चित्रातच पाहिलेले. ती एका कचेरीत टाइप करते, तिथे कुणीतरी रंगीत पत्रक आणलं, ‘इंकांची पवित्र दरी’. उघडून बघतो तर काय, पान तीनवर आपले मिठाचे वाफे! मारासचे! मी ओरडलो, “अगं, हा कडेचा वाफा आमचा, इथे माझे पाय फुटलेत!” ती म्हणाली, “अहो, मग इतकी वर्षं गप्प का बसलात?” आता सांग, ज्या दगडांवर आपण शेळ्या बांधल्या ते बघायला लोक विमानाने येतात हे मला कुठे ठाऊक?

तर बेत असा. आधी पिसाकचा बाजार, मग ओयान्तायताम्बोचा किल्ला, मग मोरायची गोल शेतं, आणि सगळ्यात शेवटी घर. ओल्गाने पत्रकावर पेन्सिलीने खुणासुद्धा केल्यात. तुझ्याकडे चार दिवस झोपायची सोय होईल का ते कळव.

आईला मात्र यातलं अक्षर सांगू नकोस. मला अचानक दारात उभं राहून म्हणायचंय, “आई, भूक लागली.” तिचं तोंड बघायचंय मला. मी घर सोडल्याचा बाबांचा राग एव्हाना उतरला असेल. त्यांच्यासाठी लोकरीचा कोट घेतलाय, चांगला गुडघ्यापर्यंतचा.

तुझा दादा,
निकानोर

*

मारास,
२९ एप्रिल

जो कोणी असशील त्यास,

लाज वाटत नाही?

माझा भाऊ निकानोर पुमायाल्ली सत्तर सालच्या भूकंपात चिंबोतेत मेला. आम्ही मेलेल्याचे धुतात तसे त्याचे कपडे नदीवर नेऊन धुतले. मी स्वतः धुतले, या हातांनी. तीन वर्षं दर नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला, त्याचं ताट मांडलं, तिसऱ्या वर्षी रीतीप्रमाणे त्याच्या आत्म्याला निरोप दिला, वेशीपर्यंत पोचवून आलो. कबरीवर क्रूस आहे, त्यावर नाव आहे. बाबा त्या दुःखातून उठलेच नाहीत. पुढच्या वर्षी तेही गेले. आणि तू कुठल्या तरी बंदरात बसून त्यांच्यासाठी कोट घेतोस?

कोणाकडून आमच्या घरची माहिती काढलीस, मला ठाऊक नाही. तुला काय हवंय तेही कळत नाही, कारण आमच्याकडे मीठ सोडून काही नाही. पण एक ऐक. आमच्याकडे निरोप दिलेला माणूस परत आला तर तो माणूस नसतो. त्याला कोंदेनादो म्हणतात, देवाने दारातून हाकललेलं मढं. ते आधी घरच्यांनाच खातं. तू दारात उभा राहून “आई, भूक लागली” म्हणालास ना, तर माझी आई जागच्या जागी मरेल. तेव्हा इकडे पाऊल टाकायचं नाही.

आणि तरीही तू निकानोरच म्हणवत असशील, तर एवढंच लिही. माझ्या हनुवटीवर व्रण आहे. सगळं गाव म्हणतं, सबिना गाढवावरून पडली. खरं काय ते जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक मातीत आहे.

सबिना पुमायाल्ली

*

काय्याओ,
१० मे

सबिना,

गाढव नव्हतं. मेंढा होता, पारेदेस काकांचा काळा मेंढा. मी तुला त्याच्या पाठीवर दोरीने बांधलं आणि शेपटी पिरगाळली. तू दगडावर आपटलीस. कुणाला सांगू नकोस म्हणून तीन गोळ्या कबूल केल्या आणि दोनच दिल्या. तिसरी मीच खाल्ली, आणि तू लग्न होईपर्यंत मला त्यावरून टोमणे मारलेस.

पटलं?

बाबा गेले? आणि हे मला कळतंय ते अशा पत्रातून, जे माझ्याच बहिणीने मला शिव्या देत लिहिलंय? मी पत्र ओल्गाला वाचून दाखवत होतो. दुसऱ्या ओळीला ती हसली, तिला वाटलं तू थट्टा करतेस. कोटाची ओळ आली आणि ती उठून चूल विझवून आली. तो कोट तिथे खुंटीवर लटकतोय. मी काय करू त्याचं?

तुम्ही मला मारून मोकळे झालात! मी भूकंपाच्या आधीच्या आठवड्यात चिंबोते सोडलं होतं गं. इथे मासेमारीच्या बोटीवर काम मिळालं म्हणून निघून आलो. पत्र लिहिलं नाही, मान्य. लिहायला बसलो की वाटायचं, रिकाम्या हाताने काय लिहायचं, खोली होऊ दे, लग्न होऊ दे, पोर होऊ दे, मग लिहू. पण पत्र आलं नाही म्हणून कुणी सरळ क्रूस ठोकतं का? कुणी सांगितलं तुम्हाला मी मेलो? कुणी प्रेत पाहिलं? काय पुरलंत तुम्ही?

आईला आत्ताच्या आत्ता सांग. तुम्हा दोघींशिवाय मला आता मागे कोणी उरलेलं नाही. आई ये म्हणाली नाही तर मी ती दरी बघून काय करू?

निकानोर

*

मारास,
२७ मे

दादा,

अरे मेल्या! बघ, आता तुला तेही म्हणायची चोरी झाली.

पत्र मी वाफ्यावर उभी राहून वाचलं. ‘मेंढा’ शब्द आला आणि मी मिठात बसले, अक्षरशः, गुडघाभर पाण्यात. माझे यजमान एवारिस्तो धावत आले, त्यांना वाटलं साप चावला. मी त्यांना पण मारलं, तुझ्या वाटचं. मग रडले. मग हसले. मग बाबांची आठवण आली आणि पुन्हा रडले. तिसरी गोळी मी तुझ्याकडून वसूल करणार आहे, लक्षात ठेव.

तू विचारलंस काय पुरलं. पोंचो पुरला.

भूकंपानंतर तुझा पत्ता लागेना म्हणून इलारियो मामा ट्रक घेऊन चिंबोतेला गेले. तिथे पडलेल्या गोदामातून माणसं काढून एकत्र पुरत होते. चेहरे ओळखण्यासारखे नव्हते. त्यातल्या एका पोराच्या अंगावर आईने विणलेला पोंचो होता. लाल काठ, काठात मिठाच्या वाफ्यांची नक्षी, आणि एका कोपऱ्यात तो उलटा धागा, जो आई प्रत्येक विणीत मुद्दाम सोडते. मामांनी पोंचो उतरवून घेतला आणि आणला. आईने तो मांडीवर घेतला, काठावरून बोट फिरवलं, उलट्या धाग्यापाशी थांबली आणि म्हणाली, “हा माझाच.” संपलं. दादा, तूच सांग, आपल्याकडे कुणी आईने विणलेला पोंचो दुसऱ्याला देतो का? आपण कपाळ फुटलं तरी देत नाही. मग शंका घ्यायची कुणी आणि कशावर?

आता पुढचं ऐक आणि धीर धर. मी आईला सांगितलं. तिला आता फारसं दिसत नाही, पण कान तिखट आहेत. दोन्ही पत्रं दोनदा वाचून घेतली. मग उठली, मिठाची पाटी घेतली आणि उंबऱ्यावर ओतली. सगळी! म्हणाली, “माझ्या लेकाला मी पोचवून आले. आता हे जे लिहितंय त्याला माझ्या लेकाच्या सगळ्या गोष्टी ठाऊक असणारच, मढ्याला सगळं ठाऊक असतं.” मी म्हटलं, “आई, मढी पोस्टाची तिकिटं लावत नाहीत.” तर म्हणते, “माझी वीण खोटं बोलत नाही. पत्र बोलू शकतं.”

ती खोलीत गेली ती दुसऱ्या दिवशीच बाहेर आली. डोळे सुजलेले. एकच वाक्य बोलली, “तो जिवंत असेल तर त्याला विचार, पोंचो कुठाय त्याचा?”

तर विचारते. कुठाय?

सबिना

*

काय्याओ,
८ जून

सबिना,

दिला होता.

कासिमिरो चोक्के. लाम्पाचा, तिकडे पुनोच्या पठारावरचा. चिंबोतेला मासळीच्या पिठाच्या कारखान्यात आम्ही एका गोदामात शेजारी शेजारी झोपायचो. त्याची आई तिकडे एकटी आहे एवढं सांगायचा. त्या मे महिन्यात धुकं उतरलं आणि त्याला ताप भरला. रात्रभर दात वाजायचे. मी काय्याओला निघालो तेव्हा तो पोंचो त्याच्या अंगावर टाकला आणि म्हटलं, “बरा झालास की आणून दे.” तो म्हणाला, “तुझ्या आईचा आहे ना रे? वेडा आहेस का?” मी म्हटलं, “घे रे, आई इथे कुठे बघायला येतेय!”

आठ वर्षं मी त्याला पोंचोचोर म्हणतोय. घरी आलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगून हसवतो. लाम्पाच्या माणसावर विश्वास ठेवू नका, पोंचो घेऊन पळतात, असं म्हणतो. ओल्गाला पाठ आहे सगळं. काल तुझं पत्र वाचून झालं तेव्हा तीच म्हणाली, “अहो, म्हणजे तो...” आणि तिचा हात तोंडावर गेला. मला त्याआधी सुचलंही नव्हतं. खरंच सांगतो, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तरी माझ्या डोक्यात ‘मी’च होतो, मी कसा मेलो, मला कसं पुरलं. तो पोरगा आलाच नाही डोक्यात.

भूकंपाची बातमी ऐकली तेव्हा मनात म्हटलं होतं, कासिमिरो एव्हाना घरी गेला असेल. त्यावर आठ वर्षं झोपलो.

मी येत नाही सबिना. कुठल्या तोंडाने येऊ? सहलीचं पत्रक मी ओल्गाच्या पर्समधून काढून फाडलं. आईला सांग, तिची वीण खोटं बोलली नाही.

निकानोर

*

मारास,
२४ जून

दादा,

सान हुआनचा सण आहे, बाहेर शेकोट्या पेटल्यात आणि मी घरात बसून लिहितेय, कारण आई समोर बसून सांगतेय आणि उठू देत नाही.

तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. कासिमिरो, कासिमिरो, असं दोनदा पुटपुटली, जणू जिभेवर चव घेत होती. मग एकदम छाती पिटून घेतली. मला वाटलं तुझ्या नावाने. पण ती ओरडली काय, “अगं, दुसऱ्याच्या लेकराला मी निकानोर म्हणून हाक मारली! तीन वर्षं! तो आला कसा असेल? आणि निरोप दिला तोही भलत्या नावाने, त्याला वाट कशी सापडेल?” मी म्हटलं, “आई, शांत हो.” तर माझ्यावरच उलटली. “शांत काय हो? त्याला खायला काय आवडायचं ते विचार! मी दर वर्षी भरल्या मिरच्या ठेवल्या, निकानोरला आवडतात म्हणून. त्या पोराला तिखट चालायचं का?”

तर ते आधी कळव.

आता तिचा हुकूम, तिच्याच शब्दांत लिहिते. “त्याला सांग, न येऊन चालणार नाही, पण सरळ इकडे यायचं नाही. आधी लाम्पाला जा. त्या बाईच्या दारात उभा राहा आणि तिला सांग. ती आठ वर्षं वाट बघतेय, आणि मी तिच्या वाटचं रडून घेतलं. तिला माझ्याकडे आण, तिच्या पोराची कबर दाखवायला. ती नाही म्हणाली तर तिचा शब्द घेऊन ये. ते न करता माझ्या उंबऱ्यावर आलास तर तू कोंदेनादोच.”

आणि शेवटी म्हणाली, “आलास की मीठ खावं लागेल. माझ्या वाफ्यातलं, माझ्या हातातलं. मढ्याला मीठ गिळवत नाही.” मी म्हटलं, “आई, अजून पटलं नाही का तुला?” ती म्हणाली, “पटलं गं. पण मला हाताला लागू दे ना.”

ये दादा. नाहीतर तिला तुझ्यासाठी दुसऱ्यांदा रडावं लागेल, आणि आता तिच्यात तेवढं बळ नाही.

सबिना

*

लाम्पा,
३० जुलै

सबिना,

आईला सांग, त्याला तिखट अजिबात चालायचं नाही. मिरची जिभेला लागली तरी डोळ्यांतून पाणी यायचं, आम्ही मुद्दाम घालायचो. त्याला सातूचं पीठ आवडायचं. सूप असो, बटाटे असोत, सगळ्यावर मूठभर भुरभुरायचा. हे तिला लगेच सांग, बाकीचं नंतर वाच.

अरेकिपाहून गाडीने काल हुलियाकाला उतरलो, तिथून ट्रकने इथे. रुबेनला डोंगराची उंची बाधली, सबंध रस्ताभर ओकला. ओल्गा त्याला घेऊन चौकात बसली, मी एकटा गेलो. गावाबाहेरचं शेवटचं घर. म्हातारी अंगणात लोकर कातत होती. आसुन्ता तिचं नाव. मी वाटेत सगळं पाठ केलं होतं, आधी हे म्हणायचं, मग ते. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली गं! दात नव्हते, पण इतकं हसली. म्हणाली, “तू निकानोर ना? मारासचा?”

“तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं. म्हणाली, “कासिमिरोच्या शेवटच्या पत्रात होतं. मारासचा मित्र आहे, कान हंड्याच्या कड्यांएवढे, आणि मन त्याहून मोठं. त्याने स्वतःच्या आईचा पोंचो मला दिलाय.”

आणि मग काय म्हणाली ऐक. म्हणाली, “पोंचो न्यायला आलास का बाबा? तो अजून आला नाही रे. आला की मी स्वतः धुऊन पाठवीन तुला. बस ना, उभा का?”

मी कसं सांगितलं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की चाती तिच्या हातातून पडली नाही, फिरतच राहिली. माझं बोलून झालं तरी ती कातत होती. शेवटी धागा तुटला. तेव्हा तिने विचारलं, “अंगावर होता ना पोंचो? थंडीने नाही ना गेला?” मी म्हटलं, “नाही आई. अंगावर होता.” तेव्हा ती रडली. तोवर ओल्गा शोधत आली, तिने मागेपुढे न बघता तिला कुशीत घेतलं. लिमाची बाई, आपल्या केचुआ भाषेचा एक शब्द येत नाही, पण दोघी तशाच बसून राहिल्या.

ती येतेय आमच्याबरोबर. शेजारणीकडे मेंढ्या सोपवल्या. गाडीत गारठा असतो, तिच्याकडे धड शाल नाही, म्हणून बाबांचा कोट तिच्या अंगावर घातलाय. घोट्यापर्यंत येतो. बाबा काही म्हणणार नाहीत असं वाटतं.

हे पत्र आजच तिकडे निघालेल्या ट्रकवाल्याकडे देतोय, आम्ही गुरुवारी पोचतो. पिसाक, किल्ला, काही बघायचं नाही. सरळ घरी.

निकानोर

*

काय्याओ,
१९ ऑगस्ट

सबिना,

सुखरूप पोचलो. रुबेन शाळेत सगळ्यांना सांगत सुटलाय, की आमच्या आजीच्या घरात मिठाचे जिने आहेत आणि बाबांच्या नावाची कबर होती, आता तिच्यावर दुसऱ्याचं नाव आहे. बाईंनी ओल्गाला बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

बस सुटताना तू खिडकीला लटकून विचारत होतीस, “दारात काय झालं? आई सांगत नाही!” बस निघाली म्हणून राहिलं. आम्ही अंगणात शिरताच आईनेच तुला ओल्गा आणि रुबेनसोबत वाफ्यांवर पिटाळलं होतं, तुला वाटलं पाहुण्यांना वाफे दाखवायला. तुझ्यासमोर तिला रडायचं नव्हतं.

ती दारात चाती घेऊन बसली होती. उठली नाही. मुठीत मीठ होतं, ती मूठ पुढे केली. मी तिच्या तळहातावरून खाल्लं, लहानपणी मेंढीचं पिल्लू खायचं तसं. म्हणाली, “आणखी.” पुन्हा खाल्लं. म्हणाली, “आणखी.” ठसका लागला, नाकातून पाणी आलं. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, गाल, नाक, आणि कानांवर बराच वेळ. म्हणाली, “रडतोस का खारट लागलं?” मी म्हटलं, “दोन्ही.”

मग तिला मागे कोटातली आसुन्ता जाणवली, आणि ती उठली. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. दोन्ही हात धरून तिला आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः खाली मातीत बसली. मी तिथेच होतो, पण त्या दोघींना मी दिसत नव्हतो. आई म्हणाली, “बाई, मी तुझ्या लेकाला तीन वर्षं जेवू घातलं. नाव चुकलं, तिखटही घातलं, पण उपाशी ठेवलं नाही.” आसुन्ताने आईचे हात आपल्या तोंडाला लावले, मिठाचेच हात, आणि तशीच राहिली. नंतर त्या दोघी कबरीवर गेल्या, सातूचं पीठ घेऊन, तेव्हा तू परत आली होतीस. ते तू पाहिलंस.

पण मधलं तू पाहिलं नाहीस. आई पीठ आणायला उठली, माझ्यासमोरून जाताना थांबली आणि फाडकन माझ्या थोबाडीत दिली. अगं, दिसत नाही म्हणे! नेम काय!

म्हणाली, “पोंचो दिलास ते बरं केलंस. पत्र का नाही लिहिलंस?”

म्हणून पिशव्या अजून धड उघडल्याही नाहीत, तोच हे लिहायला बसलोय. आईला वाचून दाखव. सोबत एक गोळी पाठवतो आहे, तुझी तिसरी.

तुझा दादा,
निकानोर